लान्सारोते: ज्वालामुखीच्या बेटावर घरच्यांसोबत छोटी सुट्टी

नीलमोहर

हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या सत्रामधल्या छोट्या सुट्टीत, कुठे जायचं हा प्रश्न इथे दर सप्टेंबरात निघतो, आणि इंग्लंड-आयर्लंडच्या मंडळींकडून कॅनरी बेटांची नावं हमखास येतात. ऊन असतं, समुद्र असतो, विमान चारेक तासांचं, आणि घड्याळसुद्धा बदलावं लागत नाही. यंदा आम्हीही गेलो, लान्सारोतेला. मी, नवरा, दोन मुलं (अकरा आणि सात वर्षांची) आणि साताऱ्याहून आलेली आई. धागा काढतेय तो मात्र उन्हासाठी नाही. थोडेच दिवस हातात असतील तर त्या बेटावर काय बघावं याबद्दल माझं ठाम मत झालंय: किनारा राहिला तरी चालेल, लाव्हा सोडू नका.

आधी थोडी ओळख. कॅनरी बेटं स्पेनची, पण नकाशात आफ्रिकेला चिकटलेली. लान्सारोते तर आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. बेट लहान आहे, साधारण ८५० चौरस किलोमीटर, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गाडीनं सव्वा तासात पोचता येतं. वर्षाचा पाऊस १५० मिलीमीटरसुद्धा नाही. नदी नाही, ओढा नाही. आणि १ सप्टेंबर १७३० च्या रात्री इथली जमीन फाटली ती एप्रिल १७३६ पर्यंत आग ओकत राहिली. सहा वर्षं! बेटाचा जवळपास चौथा भाग लाव्हा आणि राखेखाली गेला, आणि तो भाग बेटावरच्या उत्तम शेतजमिनीचा होता. यायसा गावच्या पाद्रीबाबांनी, आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो यांनी, पहिल्या काळातल्या नोंदी लिहून ठेवल्या. त्यामुळे कुठलं गाव कधी गेलं हे आज आपल्याला कळतं.

त्या भागातलाच एक तुकडा म्हणजे आजचं तिमानफाया राष्ट्रीय उद्यान, १९७४ पासूनचं. आपली गाडी इस्लोते दे इलारिओ नावाच्या टेकाडापर्यंत जाते, पुढे फक्त उद्यानाची बस. बसमधून उतरू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिथल्या लाव्हावर दगडफुलासारखी लायकेन आत्ता कुठे धरायला लागलीयेत, जवळजवळ तीनशे वर्षांनी. एक पाऊल पडलं तरी खूण राहते. टेकाडावर कर्मचारी जमिनीतल्या नळीत बादलीभर पाणी ओततात आणि दोन-तीन सेकंदांत वाफेचा फवारा माणसाच्या दुप्पट उंच उडतो. शेजारच्या खड्ड्यात वाळलेलं झुडूप टाकलं की आपोआप पेट घेतं. तेरा मीटर खाली ६०० अंशांच्या आसपास तापमान आहे. धाकटीनं विचारलं, "म्हणजे अजून चालू आहे?" तिला "नाही, पण अजून निवलेलं नाही" असं सांगितलं, तर त्यानंतर ती जमिनीवर हात टेकवून टेकवून बघत होती. वरचे खडे हातात घेतले तर खरोखर कोमट लागतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. उद्यानाच्या दक्षिणेला ला हेरिआ नावाचा भाग आहे. मैलोन्‌मैल काळी राख, आणि त्या राखेत हजारो गोल खड्डे. प्रत्येक खड्ड्यात तळाला एक द्राक्षवेल, आणि वाऱ्याच्या बाजूला रचलेल्या काळ्या दगडांची अर्धगोल भिंत. काही खड्डे माणसाच्या उंचीहून खोल. राख पडल्यावर लोकांच्या लक्षात आलं की ती पातळ आहे तिथे पिकं आधीपेक्षा बरी येताहेत. मग जिथे ती जाड होती तिथे खणत खणत खालच्या जुन्या मातीपर्यंत गेले आणि तिथे वेल लावली. राखेचे दाणे सच्छिद्र, स्थानिक लोक त्यांना पिकोन म्हणतात. रात्रीच्या दमट वाऱ्यातलं दव ते धरतात, आणि दिवसा वर झाकण होऊन खालची ओल उडू देत नाहीत. पाणी द्यायचं नाही, यंत्र आत जात नाही, सगळं हातानं.

आई माण तालुक्यातली, दहिवडीजवळच्या गावची. दुष्काळात मोठी झालेली. गुहा, वाफ, उंट, सगळं तिनं कौतुकानं पाहिलं, पण ला हेरिआत ती गाडीतून उतरली आणि थेट बांधाशी जाऊन बसली. राखेत मनगटापर्यंत हात घातला. "वर कोरडं ठणठणीत आणि खाली ओल. यांना कुणी शिकवलं गं?" मग वाईनरीच्या आवारात काम करणाऱ्या बाईंना तिनं नवऱ्यामार्फत इतके प्रश्न विचारले की त्या तिला आपल्या हातानं एका खड्ड्यात उतरवून वेलीचं खोड दाखवायला घेऊन गेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. छाटणी कुठे करायची हे मात्र दोघींनी एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवलं. माझ्यासाठी सगळी सुट्टी तिथे वसूल झाली.

उत्तरेला ला कोरोना ज्वालामुखीतून निघालेली लाव्हाची नळी आहे, सहा-सात किलोमीटर लांब, शेवटचा भाग समुद्राखाली. वरचा लाव्हा थंड होऊन टणक झाला, आतला वाहत राहिला आणि निघून गेला, मागे बोगदा उरला. त्यातल्या एका तुकड्यात कुएवा दे लोस बेर्देस ही गुहा. वाटाड्यासोबत पाऊणएक तास चालायचं. शेवटी एक गोष्ट दाखवतात, ती मी इथे लिहिणार नाही आणि जाऊन आलेल्यांनीही कृपया लिहू नका. त्याच नळीचं छत जिथे कोसळलंय तिथे हामेओस देल आग्वा. आत समुद्राचं पाणी झिरपून झालेलं स्वच्छ तळं, आणि त्यात सेंटिमीटरभर लांबीचे पांढरे, आंधळे खेकडे. एरवी असे जीव खोल समुद्रात असतात. पाण्यात नाणी टाकू नका अशी पाटी आहे, कारण धातू विरघळून ते मरतात. ही पाटी मुलांना आधी वाचून दाखवा.

हे सगळं इतकं नीट राहिलं त्यात सेसार मान्रिके (१९१९–१९९२) या चित्रकाराचा वाटा फार मोठा. न्यूयॉर्कमध्ये राहून तो परत आला आणि पर्यटन येणारच आहे तर बेट ओळखू येईल असं राहिलं पाहिजे म्हणून शेवटपर्यंत भांडला. रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक नाहीत, घरं बसकी आणि पांढरी, दारं-खिडक्या हिरव्या. हामेओस, कड्यावरचं निरीक्षणस्थळ मिरादोर देल रिओ, ग्वातिसाची निवडुंग बाग, ही त्याचीच कामं. ताइचेमधलं त्याचं घर लाव्हातल्या पाच बुडबुड्यांत बांधलंय. ते बघितल्याशिवाय परतू नका.

कुणी गेलं असेल तर भर घाला. प्रश्न असतील तर विचारा, जमेल तशी उत्तरं देईन.

भटकभवानी

सुरेख लिहिलंयस. आईंचा भाग दोनदा वाचला. फोटो टाक ना, विशेषतः त्या खड्ड्यांचे. धागा वाचनखुणेत टाकला आहे.

पिंपळपान

माहितीबद्दल धन्यवाद. आम्ही फेब्रुवारीत जायचं म्हणतोय, मुलगा साडेतीन वर्षांचा, सोबत सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. गुहा जमेल का? आणि गाडी न घेता फिरता येतं का? उजव्या बाजूनं चालवायचा अनुभव नाही.

नीलमोहर

पिंपळपान, सासूबाईंना कुएवा दे लोस बेर्देसमध्ये नेऊ नका. पायऱ्या ओबडधोबड आहेत, काही ठिकाणी कमरेत वाकून जावं लागतं, आणि मधून परत फिरता येत नाही कारण मागून गट येत असतो. माझी आई अजून शेतात चालते, तरी एका ठिकाणी तिला हात द्यावा लागला. हामेओसमध्येही पायऱ्या आहेत, पण आपल्या वेगानं बसत-उठत उतरता येतं. तिमानफायाची बस गुडघेदुखीवाल्यांना उत्तम, जागेवर बसून सगळं दिसतं. निवडुंग बाग वरच्या कठड्यावरूनही पूर्ण दिसते, खाली उतरलंच पाहिजे असं नाही. साडेतीन वर्षांचा मुलगा बसमध्ये कंटाळेल, तेव्हा सकाळी दार उघडतानाच जा. अकरानंतर गाड्यांची रांग रस्त्यावर येते. तिकिटांचं आधी ऑनलाइन बघून ठेवा.

गाडीबद्दल: गावांमधून बस आहेत, पण त्या बसनं तिमानफाया आणि ला हेरिआ होत नाही. एक दिवस दक्षिणेची आणि एक दिवस उत्तरेची सहल बुक केली तर निभेल. तरी गाडी घेतलीत तर रस्ते मोकळे आहेत, शिकायला याहून सोपी जागा मिळणार नाही. मुलाची सीट आधीच सांगून ठेवा. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना स्पेनमध्ये ती सक्तीची आहे.

चांदणे

मी डब्लिनला असते आणि आम्ही बऱ्याच हिवाळ्यांत लान्सारोतेला जातो. नीलमोहर, लेख आवडला, पण "किनारा राहिला तरी चालेल" हे मला पटलं नाही. लहान मुलांच्या घरात छोटी सुट्टी म्हणजे आईबापांनाही दोन घटका पाठ टेकायला मिळाली पाहिजे. रोज गाडीत बसवून इकडून तिकडे नेलं तर मुलं चिडतात, आजी थकते, आणि परत येऊन सगळे सुट्टीची सुट्टी मागतात. आम्ही प्लाया ब्लांका किंवा पुएर्तो देल कार्मेनला राहतो. पुएर्तो देल कार्मेनचा प्लाया चिका हा छोटा किनारा मुलांना फार चांगला, दोन्ही बाजूंनी खडक असल्यामुळे पाणी शांत, आणि चष्मा लावून डोकं बुडवलं की मासे दिसतात. पापागायोचे किनारे तर सगळ्यात सुंदर. कच्च्या रस्त्यानं जावं लागतं, गाडीला थोडा टोल आहे, पण कड्यांच्या आडोशामुळे वारा लागत नाही.

मात्र एक सांगते, फामाराच्या किनाऱ्यावर मुलांना पाण्यात सोडू नका. दिसायला भव्य आहे, मागे उंच कडे आहेत, पण ओढ जबरदस्त. तो लाटांवर खेळणाऱ्यांचा किनारा. कुठेही लाल बावटा असेल तर घोट्याएवढ्या पाण्यातही नको.

नीलमोहर

चांदणे, फामाराचा इशारा फार मोलाचा. आणि दमणुकीबद्दल तुमचं बरोबर आहे. म्हणूनच मी म्हणेन की एका दिवशी एकच दिशा. सकाळी लाव्हा, दुपारी जेवून झोप, संध्याकाळी पाणी. माझा मुद्दा इतकाच की किनारा आपल्याला गोव्यात, कोकणात, स्पेनच्या मुख्य भूमीवर, कुठेही मिळेल. जमिनीनं गिळलेली शेतं परत उभी केलेली माणसं इतक्या जवळून दुसरीकडे दिसत नाहीत. मुलांना ते आत्ता कळणार नाही असं वाटतं, पण थोरल्यानं शाळेतल्या भूगोलाच्या प्रकल्पाला हाच विषय घेतलाय.

कातळवाट

भूशास्त्र हा माझा विषय, म्हणून थोडं लिहितो. ज्यांनी सह्याद्री पायाखाली घातलाय त्यांनी तिमानफाया बघितलाच पाहिजे, कारण दगड एकच आहे, बेसाल्ट. आपला दख्खनचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतला. तिथेही लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून आला, आणि तिमानफायातही १७३० ते १७३६ मध्ये तोंडं एका सरळ रेषेत, भेगेवरच उघडत गेली. फरक आकारमानाचा, आणि तोही अफाट आहे. दख्खनचे थर पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेत.

लोहगडाच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या कड्याकडे बघताना आडवे थर दिसतात, आणि काही ठिकाणी दोन थरांमध्ये लाल पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाला, त्यावर काळ गेला, वरचा भाग झिजला, पुढच्या लाव्हानं तो भाजून काढला, त्याचा तो पट्टा. आपल्याकडे सहा-साडेसहा कोटी वर्षांच्या पावसानं पृष्ठभाग खाऊन टाकलाय. लान्सारोतेत तोच पृष्ठभाग ताजा आहे. दोरखंडासारखा वळलेला गुळगुळीत लाव्हा आणि पायाला कापणारा खडबडीत लाव्हा, दोन्ही शेजारी शेजारी बघायला मिळतात. पुस्तकात वर्षानुवर्षं शिकवलेली गोष्ट समोर पसरलेली पाहिली तेव्हा मला बोलता येईना.

आपल्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत नंतर झिओलाइटचे स्फटिक भरले, पुणे-नाशिक-जळगावच्या खाणींतले ते सुंदर नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. लान्सारोतेचा दगड इतका नवा की त्याच्या पोकळ्या अजून रिकाम्याच. त्याऐवजी तिथे ऑलिविनचे हिरवे दाणे शोधा, लाव्हानं खोलातून वर आणलेले. फक्त बघा. उद्यानातला खडा उचलून आणायला बंदी आहे.

जुनापुराणा

नीलमोहर यांनी दिलेली तारीख वाचून मन इकडे आलं. १७३० च्याच जानेवारीत पुण्यात शनिवारवाड्याची पायाभरणी झाली. साताऱ्याला शाहू महाराज, पेशवेपदी पहिले बाजीराव. वाडा १७३२ मध्ये राहता झाला, तेव्हा तिकडे लान्सारोतेत लाव्हा वाहतच होता. आपल्याला तो काळ किती जवळचा वाटतो, कागदपत्रं वाचतो, वंशज भेटतात. जमिनीच्या हिशेबात मात्र तो कालचा दिवस, अजून गवतसुद्धा उगवलेलं नाही.

अजून एक. त्या बेटावर मांचा ब्लांका नावाचं गाव आहे. लाव्हा गावाच्या वेशीपर्यंत आला तेव्हा लोक डोलोरेस मातेची (मेरीमातेचं एक रूप) मूर्ती घेऊन सामोरे गेले आणि लाव्हा थांबला, अशी तिथली श्रद्धा. तिला ज्वालामुखींची माता म्हणतात. दर सप्टेंबरात साऱ्या बेटावरून लोक तिच्या यात्रेला पायी येतात.

शेवंती

यात्रेला पायी येतात हे वाचून बरं वाटलं. सप्टेंबरात जाणं शक्य असेल तर तेच बघायला जाईन.

द्राक्षबाग

नमस्कार. निफाड तालुक्यात आमची बाग आहे, वाचक म्हणून असतो, लिहीत नाही. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. ताईंना काही विचारायचं आहे. एका खड्ड्यात एकच वेल म्हणजे हेक्टरी किती बसतात? छाटणी वर्षातून एकदा का दोनदा? वेल स्वमुळावर आहे का खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळावर कलम केलेली? आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजाराच्या आसपास झाडं, डॉगरिज खुंटावर कलम, ठिबक, आणि तरी उन्हाळ्यात टँकर. पाणी न देता वेल जगते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटणार नाही. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी हात घालून ओल बघितली, तो खरा शेतकऱ्याचा हात.

नीलमोहर

द्राक्षबाग, तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. तुमचे प्रश्न आईला वाचून दाखवले, उत्तरं तिच्याकडून आणि तिथे मिळालेल्या माहितीवरून. मोठ्या खड्ड्यांच्या भागात हेक्टरी जेमतेम दोन-तीनशे वेली बसतात, म्हणजे तुमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. राख पातळ आहे तिथे लांब चर खणून जरा दाट लावतात. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, कारण तिथे वेल थंडीत झोपते. वेली स्वमुळावर आहेत. युरोपभर मुळं पोखरणाऱ्या ज्या फायलोक्सेरा किडीनं एकोणिसाव्या शतकात बागा संपवल्या ती या बेटावरच्या बागांपर्यंत तेव्हा पोचली नाही, म्हणून खुंट लागला नाही. मुख्य जात माल्वासिया वोल्कानिका, पांढऱ्या वाईनची. काढणी जुलैअखेर ते ऑगस्ट, युरोपात सगळ्यात लवकर होणाऱ्यांपैकी.

उत्पन्न कमी आणि मजुरी प्रचंड. दगडाची भिंत ढासळली की हातानं परत रचायची, वाऱ्यानं खड्ड्यात आलेली राख उपसायची. तिथल्या बाईंनी सांगितलं की तरुण मुलं हे काम करायला राजी नाहीत, हॉटेलात जातात. आई लगेच म्हणाली, "आमच्याकडंबी तेच."

उरणकर

कुणी सालिनास दे हानुबिओचा उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. बेटाच्या नैर्ऋत्येला ही मिठागरं आहेत, १८९५ पासूनची, कॅनरी बेटांतली सगळ्यात मोठी. मासे खारवायला मीठ लागायचं, म्हणून उभी राहिली. पुढे बर्फ आणि शीतगृहं आली, मिठाची मागणी पडली, आज थोडाच भाग चालू आहे. माझ्या आजोबांची उरणला मिठागरं होती. बंदरं, गोदामं, वसाहती आल्या आणि ती गेली. हानुबिओच्या वरच्या वाटेवर उभं राहिलो तेव्हा खालची चौकोनी कोंडी, गुलाबी-पांढरं पाणी, मिठाचे ढीग बघून घशाशी आलं. तिथलं मीठ विकत मिळतं. मी दोन पिशव्या आणल्या, घरी तेच वापरतो. जाणाऱ्यांनी जरूर थांबा, आणि मीठ घ्या. तेवढीच त्या लोकांना मदत.

पुढे तसंच किनाऱ्यानं लोस एर्बिदेरोस, तिथे लाव्हाच्या गुहांत लाटा फुटतात, आणि मग एल गोल्फोचं हिरवं तळं. अर्धं ज्वालामुखीचं तोंड समुद्रानं खाल्लंय, उरलेल्या अर्ध्यात तळं, शैवालामुळे हिरवंगार. पोहायला परवानगी नाही, कठड्यावरून बघायचं. संध्याकाळी जा.

भटकभवानी

खायचं काय? आमच्या घरी मी आणि लेक शाकाहारी. स्पेनमध्ये एकदा मसूर सूप म्हणून मागवलं आणि त्यात मांसाचे तुकडे निघाले, तेव्हापासून धास्ती आहे.

चांदणे

भटकभवानी, ती धास्ती रास्त आहे, डाळीच्या आणि भाजीच्या रश्श्यात हाडं-मांस घालायची पद्धत आहेच. "सिन कार्ने, सिन पेस्कादो" म्हणजे मांसही नको, मासेही नको, हे दोन्ही म्हणायचं. फक्त "कार्ने" म्हटलंत तर टूना घालून आणतील.

पोट भरतं ते बटाट्यांवर. पापास आरुगादास, छोटे बटाटे सालासकट भरपूर मिठाच्या पाण्यात शिजवून कोरडे करतात, सालीवर मिठाचा पांढरा थर येतो. सोबत मोहो म्हणजे तिथली चटणी, लाल आणि हिरवी. लालमध्ये सुकी मिरची, लसूण, जिरं. हिरव्यात कोथिंबीर. आपल्या जिभेला पहिल्या घासात पटतं. भाजलेलं शेळीचं चीज मोहोबरोबर, तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, टोमॅटो, आणि रताळी. गोफिओ म्हणून भाजक्या धान्याचं पीठ असतं, हुबेहूब आपलं सातूचं पीठ. दुकानात पाकीट मिळतं, मुलांना सकाळी दुधात गूळ-केळं घालून देता येतं. हॉटेलात मात्र गोफिओ बऱ्याचदा माशांच्या रश्श्यात कालवतात, विचारून घ्या.

तिमानफायातल्या उपाहारगृहात जमिनीच्या उष्णतेवर कोंबडी भाजतात, ते बघायला मुलांना न्या. तुम्ही बटाटे खा.

पिंपळपान

एक प्रश्न राहिला. २०२१ मध्ये बातम्यांमध्ये कॅनरीचा ज्वालामुखी बघितला होता, घरं गाडली गेली होती. सासूबाईंना तेच आठवतंय आणि त्या घाबरल्यात. सुरक्षित आहे ना?

कातळवाट

तो ला पाल्मा बेटावरचा उद्रेक, १९ सप्टेंबर ते १३ डिसेंबर २०२१. बेट वेगळं, लान्सारोतेपासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला. लान्सारोतेतला शेवटचा उद्रेक १८२४ मधला. पुढे कधी होणारच नाही असं कुणी म्हणणार नाही, बेटं जिवंत आहेत. पण ज्वालामुखी निरोप न देता उठत नाही. आधी लहान लहान भूकंपांचे थवे येतात, जमीन फुगते, वायूंचं प्रमाण बदलतं, आणि हे सगळं तिथे सतत मोजलं जातं. ला पाल्मातही उद्रेकाआधी आठवडाभर हजारो छोटे धक्के नोंदले गेले आणि लोकांना हलवता आलं. सासूबाईंना सांगा की पायाखालची उष्णता ही उरलेली धग आहे.

त्यांना खरी काळजी घ्यायला सांगा ती कालिमाची. सहारातून धूळ येते, आकाश पिवळं होतं, दमा असणाऱ्यांना त्रास होतो. फेब्रुवारीत येऊ शकते. औषध जवळ ठेवा.

जुनापुराणा

थोडं वेगळं, पण बोललं पाहिजे. एप्रिल २०२४ मध्ये कॅनरी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले होते, पर्यटनाला मर्यादा हवी म्हणून. लान्सारोतेची वस्ती दीड लाखाच्या वर आणि वर्षाला तीस लाखांहून जास्त पर्यटक. पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून करतात, १९६० च्या दशकापासून. त्याआधी लोक पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचे, आपल्या गडांवर आहेत तशीच. आता घरभाडी स्थानिकांना परवडत नाहीत. आपण जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण जाताना हे ठाऊक असावं.

नीलमोहर

अगदी मनातलं. मान्रिकेनंही शेवटच्या वर्षांत हेच बजावलं होतं, की बांधकाम असंच वाढलं तर बेट संपेल. आम्ही मोठ्या हॉटेलाऐवजी आरिया गावात एका कुटुंबाच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहिलो, मालक वरच राहतात. घरमालकीण बाईंनी आल्या आल्या पहिलं सांगितलं ते पाण्याचं: नळ सोडून ठेवू नका. आईला ते सांगावं लागलं नाही, तीच मुलांच्या मागे होती. आरिया हिरव्या दरीत आहे, माडासारख्या खजुरीच खजुरी. मान्रिके शेवटी तिथे राहायचा आणि तिथल्याच दफनभूमीत आहे. शनिवारी चौकात हस्तकलेचा बाजार भरतो. पोहण्याचा तलाव नाही, पण संध्याकाळी चौकातल्या झाडांखाली सगळं गाव बसतं आणि मुलं तिथल्या मुलांबरोबर चेंडू खेळत होती.

शेवंती

पहिल्यांदाच कॅनरीला जायचं तर लान्सारोते का तेनेरीफे? माझा भाऊ म्हणतो तेइदे पर्वत बघितलाच पाहिजे.

कातळवाट

तेइदे ३७१५ मीटर, स्पेनमधलं सर्वोच्च शिखर, त्याला तोड नाही. पण रोपवे साडेतीन हजार मीटरच्या वर सोडतो, लहान बाळं आणि हृदयाचा त्रास असणाऱ्यांना चालत नाही. शिवाय तेनेरीफे मोठं आहे, अंतरं जास्त, छोट्या सुट्टीत अर्धा वेळ रस्त्यात जातो. दिवस थोडे आणि सोबत ज्येष्ठ असतील तर लान्सारोते. आठवडा-दहा दिवस असतील आणि चालायची आवड असेल तर तेनेरीफे.

भटकभवानी

+१. आणि लान्सारोतेहून ला ग्रासिओसालाही जाता येतं ना?

नीलमोहर

हो, ओर्सोला बंदरातून बोट, अर्ध्या तासाच्या आत पोचते. डांबरी रस्ता नसलेलं बेट, सायकल भाड्यानं घेऊन फिरायचं. आम्हाला जमलं नाही, वारा होता आणि मधली खाडी उसळते, आईला बोट लागते. मिरादोर देल रिओच्या काचेतून, पावणेपाचशे मीटर उंचीवरून, ते पूर्ण बेट दिसतं. तिनं तिथूनच बघून घेतलं.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न, व्हिसा. आम्ही इंग्लंडमध्ये कामाच्या व्हिसावर आहोत, पासपोर्ट भारतीय. सासूबाई भारतातून पाहुण्या म्हणून येणार आहेत.

नीलमोहर

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, लागतो. कॅनरी बेटंही त्यातच येतात. तुम्हा तिघांना इंग्लंडमधूनच अर्ज करता येईल. सहा महिने आधीपासून घेतात, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण तारखाच मिळत नाहीत, म्हणून आजच बघा. सासूबाईंचं वेगळं. त्या इंग्लंडमध्ये पाहुण्या असल्यामुळे त्यांनी अर्ज भारतातूनच, निघण्यापूर्वी करायचा. आम्ही आईचा मुंबईतून केला. इंग्लंडचा व्हिसा आधी घ्या आणि तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना ते तपासा, नाहीतर बेटावरून परत येताना अडचण होईल. विमा शेंगेनच्या अटींप्रमाणे लागतो, त्यांच्या वयाला लवकर मिळत नाही, म्हणून त्याची चौकशी सगळ्यात आधी करा.